तात्यांच्या खिशातली गोळी

माईक जरा खाली घ्या कुणीतरी. पुरुषांच्या उंचीला लावलाय. हं, बास.

जमलेल्या वडीलधाऱ्यांना, बावड्याहून आलेल्या पाहुण्यांना, आणि तिकडं बायकांत खांबाला टेकून बसलेल्या तात्यांच्या घरच्या, आमच्या अक्कांना माझा नमस्कार. मी सुनंदा. स्टँडवरच्या मेडिकलवाली. गाव मला ओळखतं, पाहुण्यांसाठी सांगितलं. मला भाषण येत नाही. काउंटरच्या मागून बोलायची सवय, ते पण 'सकाळी एक, जेवणानंतर एक' एवढंच. घरून निघताना आमचे हे म्हणाले, "तू काय बोलू नको तितं. बायामाणसानं कशाला?" मी म्हणाले, बघू. बघा, उभी राहिलेच.

माझ्याआधी चौघं बोलले. फार चांगलं बोलले. तात्या देवमाणूस होते. तात्या हरिनाम घेता घेता गेले. तात्यांचं नाव मंडपाला द्यायचं ठरलंय. ऐकून बरं वाटलं. आपल्याकडं म्हणतातच, मेलेल्या म्हशीला मणभर दूध. फक्त एक सांगा मला. हेच सगळं खरं असेल, तर दहा दिवसांपूर्वी गावच्या ग्रुपवर तात्यांच्या खिशातल्या गोळ्यांचा फोटो कुणी टाकला? आणि त्याखाली 'माळकऱ्याची नशा' असं कुणी लिहिलं? आणि त्यावर हसणारी तोंडं कुणी कुणी लावली? चौघांपैकी एकानंही त्याचा उल्लेख केला नाही. फोटो बघितला नाही असा माणूस ह्या मांडवात असेल तर त्यानं हात वर करावा.

नाही ना? मग मी त्याच्यावरच बोलणार आहे. दुसरं काही बोलायला मी आलेली नाही.

पाहुण्यांना तात्या माहीत नसतील तर थोडक्यात सांगते. ज्ञानोबा तात्या. पिठाची गिरणी. एकसष्ट वय. गळ्यात माळ, कपाळाला बुक्का, भुवयांवर पीठ. ह्या माणसानं उभ्या आयुष्यात दारू सोडा, सुपारीचं खांड तोंडात टाकलं नाही. मी लग्न होऊन ह्या गावात आले तेव्हा मला हितलं काही येत नव्हतं. माझं माहेर वालचंदनगर, कॉलनीतलं. वडील कंपनीत, तीन पाळ्यांत काम करायचे. ह्यांनी मेडिकल टाकून दिलं तेव्हा गावात बोलायचे, बाई औषधं देणार व्हय, चुकलं म्हंजी? आणि पहिल्या दिवशी पहिलं गिऱ्हाईक तात्या आले. त्यांना काही झालेलं नव्हतं. उगीच खोकल्याच्या गोळ्यांचं एक पाकीट घेऊन गेले आणि जाताना मोठ्यानं, स्टँडवरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "सुनंदाकडनं औषध नेलंय मी. बघू मरतोय का." त्या दिवसापासून माझं दुकान चाललं. म्हणून सांगते, तात्या माझे कोण होते ते.

आता सप्ताहाचं बोलू. आपला अखंड हरिनाम सप्ताह. त्यात वीणा असते. सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही. कुणी ना कुणी ती गळ्यात घालून उभ्यानं धरायची, दोन दोन तासांचा पहारा. एकाचा पहारा संपला की त्यानं वीणा दुसऱ्याच्या हातात द्यायची. दुसरा आला नाही तर पहिल्यानं तशीच धरून ठेवायची, भुईला टेकवायची नाही. हे शहरातल्या पाहुण्यांसाठी. गावाला हे पाठ आहे. पाठ आहे म्हणूनच तर सगळं झालं.

पहाऱ्याची यादी लागते, ती तात्यांकडं असायची. दिवसाला बारा नावं. नाव लागावं म्हणून महिनाभर आधी भांडणं होतात. अमक्याच्या घरचं नाव दुपारी का, आमचं नाव पहाटे का. यादीत नाव असणं म्हणजे घराण्याचा मान. आणि पहारा बदलला की लाऊडस्पीकरवर नाव पुकारायचं, "आता वीणेवर आपल्या गावचे प्रतिष्ठित अमुक तमुक." शिवारात उसाला पाणी देणाऱ्यालाही ऐकू गेलं पाहिजे. पहिल्या दिवशी दिवेलागणीपर्यंत सगळी नावं हजर होती. पांढरे कपडे, टोप्या, फोटो. ग्रुपवर किती फोटो! त्याच रात्रीपासून फोन सुरू झाले.

कुणाला फोन? तात्यांना. "तात्या, ऊसतोड आलीया अचानक, आमचा पहारा तेवढा बघा." "तात्या, साखरपुडा हाय भिगवणला." "तात्या, कंबर धरलीया." आणि प्रत्येक फोनच्या शेवटी एकच वाक्य. तुम्हाला माहीत आहे ते. "नाव मात्र आमचंच राहू द्या."

आणि नाव राहिलं की! स्पीकरवर तुमची नावं गाजत राहिली आणि मंडपात तात्या उभे राहिले. दोन तासांचे चार, चाराचे सहा. "आता वीणेवर प्रतिष्ठित बागायतदार अमुक," आणि वीणेवर कोण? गिरणीवाला. बाहेरगावचा कुणी दर्शनाला आला तर त्याला वाटायचं, ह्या गावात सगळ्या प्रतिष्ठितांची तोंडं सारखीच दिसतात.

हसू नका. हसायची गोष्ट नाही ही.

मी त्यांना म्हणालेसुद्धा, तात्या, यादीत नवी नावं घाला. नाहीतर बायकांना द्या वीणा. आमच्यातल्या पंधरा जणी आनंदानं उभ्या राहतील. तात्या म्हणाले, "माझी ना न्हाय सुनंदे, पर मंडळी ऐकायची न्हाईत." आपल्या गावात वीणा बाईच्या गळ्यात द्यायची नाही असं ठरलंय. पंगतीची हजार माणसांची भाकरी मात्र बाईनंच थापायची असंही ठरलंय. आणि नावं खोडायला तात्या तयार नव्हते. "एकाचं नाव खोडलं तर त्याचं घराणं पुढच्या वर्षी यायचं न्हाय. शेजारच्या गावात आपलं नाक कापलं जाईल." गावाचं नाक सांभाळायचं होतं त्यांना. गावानं त्यांचं काय सांभाळलं ते तुम्ही बघितलंच.

सप्ताहाच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमाराला, तात्या दुकानात आले. डोळे लाल. म्हणाले, "सुनंदे, झोप मोडायची काय गोळी हाय का गं?" मी म्हणाले, चहा प्या. म्हणाले, "चहानं पोट जळतंय. रातीपासनं धा कप झालं." मी म्हणाले, मग झोपा. तात्या म्हणाले, "झोपतो की. वीणा तू धरतीस का?"

माझ्याकडं ती गोळी होती. मोडाफिनिल तिचं नाव. उघड सांगते, म्हणजे उद्या कुणी नवीन शोध लावायला नको. ती डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नसते. बसल्याजागी, जेवता जेवता, बोलता बोलता झोप लागते असा एक आजार असतो. आपल्या भागातल्या एका मुलीला तो आहे, तिच्यासाठी मी ती मागवते. त्यातलं एक पाकीट मी तात्यांना दिलं. चिठ्ठी नव्हती. तात्यांना बीपी आहे हे मला माहीत होतं, त्यांची बीपीची गोळीही माझ्याकडूनच जायची. ही गोळी काही जणांचं बीपी वाढवते हेही मला माहीत होतं. तरी दिलं. नंतर मी स्वतःला सांगत राहिले की तात्यांना नाही कसं म्हणायचं. ते काही खरं कारण नव्हतं. खरं कारण पुढं सांगते.

पाकीट हातात घेऊन तात्या जागचे हलेनात. माळेवर हात ठेवला आणि विचारलं, "सुनंदे, ही नशा तर न्हाय ना?"

ऐकलंत? ग्रुपवर ज्यांनी ज्यांनी तो शब्द लिहिला, त्यांनी नीट ऐका. तो शब्द तुमच्या आधी तात्यांनी उच्चारला होता. गोळी तोंडात घालायच्या आधी उच्चारला होता. आणि मी, डिप्लोमा केलेली बाई, काय म्हणाले? मी म्हणाले, "छे हो तात्या. हिची सवय लागत नाही. मेंदूतल्या नशेच्या जागेला ही हातच लावत नाही." हे मला कुणी सांगितलं होतं? औषध कंपनीचा माणूस येतो बॅग घेऊन, त्यानं. तीन वर्षांपूर्वी कधीतरी, चहा पिता पिता. "मॅडम, डोपामाइनशी संबंधच नाही, एकदम सेफ." मी त्याचं वाक्य उचललं आणि तात्यांच्या हातात ठेवलं. तात्यांनी ते देवाचा प्रसाद घ्यावा तसं घेतलं.

ते गेल्यावर, म्हणजे वारल्यावर, पाचव्या दिवशी मी बारामतीला गेले. त्या मुलीवर उपचार करणारे डॉक्टर आहेत, त्यांच्यासमोर बसले आणि म्हणाले, मला खरं सांगा, ही गोळी मेंदूत काय करते. त्यांनी तासभर दिला मला. कागदावर आकृती काढून सांगितलं. मी जमेल तसं सांगते. कंटाळू नका. नशा म्हणताना कंटाळला नव्हता.

आपल्या मेंदूत डोपामाइन नावाचं रसायन असतं. लोक म्हणतात ते आनंदाचं रसायन. डॉक्टर म्हणाले, तेवढंच नाही. ते मेंदूला सांगतं, हे महत्त्वाचं आहे, इकडं लक्ष दे, जागा राहा, हे सोडून जाऊ नको. मेंदूतली एक पेशी दुसरीला निरोप देताना ते मधल्या फटीत सोडते. निरोप पोचला की उरलेलं डोपामाइन परत आत घ्यायला एक दार असतं. आत घेतलं की निरोप थांबला. ही गोळी त्या दारात जाऊन बसते. मग डोपामाइनला आत जाता येत नाही. ते बाहेरच राहतं आणि निरोप चालूच राहतो. जागा राहा, जागा राहा, हे महत्त्वाचं आहे. दार अडवल्यावर दळण बाहेर साचणारच, असं मला मनानं तात्यांच्या गिरणीत उभं राहून समजून घ्यावं लागलं.

मी म्हणाले, डॉक्टर, पण संबंध नाही असं सांगतात की. ते म्हणाले, "ताई, पूर्वी आम्हालाही नीट माहीत नव्हतं. पुढं माणसांच्या मेंदूची चित्रं काढून बघितली तेव्हा दिसलं की ती त्या दारात बसते. आणखी दोन-चार रसायनंही हलवते. पूर्ण गणित अजून कुणालाच सुटलेलं नाही. पण संबंध नाही असं म्हणणारा एकतर जुनं वाचून आलाय, नाहीतर विकायला आलाय."

मग मी तात्यांचाच प्रश्न त्यांना विचारला. ही नशा आहे का? मला वाटलं, हो किंवा नाही म्हणतील आणि माझी सुटका होईल. सुटका झाली नाही. ते म्हणाले, कोकेनसुद्धा त्याच दारात बसतं, पण धाडकन आणि घट्ट बसतं, म्हणून डोकं फिरतं. दुसऱ्या काही गोळ्या तर आतलं डोपामाइनच बाहेर लोटतात, पुरासारखं. ही मात्र सैल बसते, हळू बसते, म्हणून झिंग येत नाही आणि बहुतेकांना व्यसन लागत नाही. पण दार तेच आहे, म्हणून बेफिकीर राहायचं नाही. म्हणूनच चिठ्ठी लागते, सुनंदाताई. असं म्हणून त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं.

आणखी एक गोष्ट म्हणाले. ती मात्र माझ्या काळजात रुतून बसलीय. गोळी झोप देत नाही, फक्त झोपेची आठवण घालवते. शरीरात झोप साचतच असते. आणि त्या गोळीवर माणसाला वाटतं, मी ठणठणीत आहे. वाटणं आणि असणं ह्यात अंतर पडतं. माणूस थकलेला असतो आणि त्याला स्वतःलाच ते खोटं वाटतं.

आता तिसऱ्या दिवसाचं सांगते. त्याच्यासाठी मी घरचं सगळं ऐकून घेऊन हितं आलेय. तिसऱ्या दिवशी दुपारी बारा ते दोनचा पहारा आमच्या घरचा होता. हो, आमच्या. यादीत ह्यांचं नाव होतं. बारा वाजता मी दुकानात होते आणि स्पीकरवर आलं, "आता वीणेवर आपल्या गावचे प्रतिष्ठित मेडिकलवाले." मला बरं वाटलं, ऐकून. बायको आहे मी, नावाचं बरं वाटतंच. मग मान वर करून मंडपाकडं बघितलं. दुकानातून सरळ दिसतो मंडप. वीणेवर तात्या.

हे कुठं होते? ट्रॅक्टरचे टायर बघायला बारामतीला. सकाळी जाताना म्हणाले होते, "तात्यांना सांगितलंय मी, त्यांना काय, गोळीवर हायत सध्या." हसून म्हणाले होते. गोळी माझ्या दुकानातली. समजलं का, मी तात्यांना नाही का म्हणाले नाही ते? गोळी दिली नसती तर आमचा पहारा कुणी धरला असता? दुसऱ्या दिवशी पाकीट देताना हे माझ्या डोक्यात होतं. पुढच्या दिवशी आमचं नाव आहे, हे जाणार नाहीत, तात्या आहेत. होतं डोक्यात. मागच्या बाजूला, पण होतं. आणि त्या दुपारी तात्या आमच्या नावानं मंडपात उभे असताना मी काय केलं? समोर गिऱ्हाईक होतं, त्याला खोकल्याचं औषध दिलं आणि बाटली हलवून घ्या म्हणून सांगितलं.

म्हणजे यादीत तुम्ही आहात आणि मी पण आहे. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, असं मला करायचं नाही. तुम्हीही करू नका.

पाचव्या दिवशी तात्या परत आले. पाकीट संपलं होतं. मी 'सकाळी एकच' म्हणून सांगितलं होतं, त्यांनी दोन दोन घेतल्या होत्या. बसले स्टुलावर. चेहरा उतरलेला, पण डोळे लख्ख. म्हणाले, "सुनंदे, एक इचारू का? झोप तर जातीयाच. पर आणखी एक हुतंय. नाम घेताना मन लई लागतंय. चाळीस वर्सं वीणा धरतोय मी. कधी मन गिरणीत जायचं, कधी लेकीच्या सासरी, कधी कुणाच्या उधारीवर. आता हलतच न्हाय. चिकटून बसतंय. मला पैल्यांदा लई बरं वाटलं. म्हणलं, पांडुरंगानं ऐकलं. मग रातीपासनं इचार करतोय. हे मन माझं लागतंय का गोळीचं?"

मी हसले. देवाशप्पथ, हसले मी. म्हणाले, "तात्या, लागतंय ना? मग झालं तर!" तात्या हसले नाहीत. म्हणाले, "व्हय, पर मग मी चाळीस वर्सं काय केलं?"

मंडळी, बॅगवाल्या माणसानं जे मला सांगितलं नाही, डॉक्टरांनी कागदावर आकृती काढून जे समजावलं, ते ह्या गिरणीवाल्या माणसाला उभ्या उभ्या, वीणा गळ्यात असताना, त्याचं त्यालाच समजलं होतं. हे महत्त्वाचं आहे, हे सोडू नको, असं आत कुणीतरी सांगतंय आणि ते आपण नाही, हे त्यांनी ओळखलं. नशा करणारा माणूस असं विचारतो का हो? नशा करणाऱ्याला आनंद कुठून आला ह्याची फिकीर असते का? चाळीस वर्षांची भक्ती त्यांना त्या स्टुलावर खोटी वाटायला लागली, माझ्या गोळीनं. आणि मी त्यांना अजून अर्धं पाकीट दिलं. ते म्हणाले होते, "तीनच दिवस ऱ्हायलं. मग हात लावायचा न्हाय."

आणि लावला नाही. काल्याच्या दिवशी सकाळी त्यांनी गोळी घेतली नाही. अक्का सांगतात, पाण्याचा तांब्या हातात घेतला, पाकीट बघितलं, खिशात परत ठेवलं. "आज काल्याचं कीर्तन हाय. आज जे लागंल ते माझं लागू दे." काल्याचं कीर्तन त्यांनी उभ्यानं ऐकलं. लोक म्हणाले, तात्या पेंगत होते. पेंगणारच की! आठवडाभराची झोप दारात उभी होती.

दुपारी पंगत उठली. जे पहाऱ्याला आले नव्हते त्यांच्या घरी प्रसाद पोचवायचा होता. तात्या म्हणाले, "नाव पुकारलंय त्यांचं, परसाद गेला पायजे." मोटारसायकलला पिशवी अडकवली. अक्का म्हणाल्या, जरा पडा. म्हणाले, "मला कुठं झोप येतीया?" तीन वाजता, लख्ख उजेडात, सरळ रस्त्यावर, उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर गाडी गेली. ब्रेक दाबल्याची खूण नव्हती. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, दारूचा वाससुद्धा नव्हता. ज्यांच्या घरी तो प्रसाद निघाला होता, ते हितं समोर बसलेत. नाव घेत नाही. नाव स्पीकरवर भरपूर झालंय.

आणि मदतीला पहिले जे पोचले, त्यांनी काय केलं? उचललं, हे खरं. दवाखान्यात नेलं, उपकार झाले. पण त्याच्या आधी की नंतर, खिशात हात घालून पाकिटाचा फोटोही काढला. संध्याकाळपर्यंत गावात, रात्रीपर्यंत बावड्यात. तात्यांच्या लेकीला, जयाला, तिच्या सासूनं बापाच्या सुतकात विचारलं, "तुझा बाप नशा करायचा व्हय गं?" पाहुण्यांनो, तुमच्याच घरातलं बोलतेय मी. रागवा खुशाल.

आणि गंमत अशी की त्या फोटोवरून नाव वाचून ह्या आठवड्यात तिघं माझ्याकडं आले, हळूच, "वहिनी, ती तात्यांची गोळी हाय का?" एकाला परीक्षेचा अभ्यास करायचा होता. दोघांना गाडी चालवायची होती. तिघांनीही ग्रुपवर हसणारं तोंड लावलेलं. मी दिली नाही. आता शहाणपण सुचलं मला, माणूस गेल्यावर.

बारामतीहून आले त्याच संध्याकाळी मी अक्कांकडं गेले. अक्का चुलीपुढं बसलेल्या, चूल पेटलेली नव्हती. नळावर पाणी भरायला जायचं त्यांनी बंद केलंय, कारण त्या गेल्या की बायका बोलायच्या थांबतात. मला म्हणाल्या, "ह्या माणसानं चाळीस वर्सांत माझ्यापासनं काय लपवलं न्हाय. पर ती गोळी बीपीची हाय म्हनून सांगून खाल्ली. मला खरं सांग सुनंदा, काय खात हुते?" मी सगळं सांगितलं. दार, डोपामाइन, पाकीट, आमचा पहारा, सगळं. मला वाटलं, हाताला लागेल ते फेकून मारतील. मारायला हवं होतं. पण त्या म्हणाल्या, "म्हंजी त्यांनी तुला इचारलं हुतं. नशा हाय का म्हनून इचारलं हुतं." मी म्हणाले, हो. "हे समद्यांम्होरं सांगशील?"

म्हणून आलेय.

तर ऐका. ज्ञानोबा तात्यांनी नशा केली नाही. त्यांनी जागं राहायची गोळी घेतली, चुकीची घेतली, जास्त घेतली, तुमच्या आमच्या जागी उभं राहण्यासाठी घेतली. घ्यायच्या आधी विचारलं, घेताना शंका घेतली, आणि वेळ आल्यावर स्वतःच्या हातानं बाजूला ठेवली. गोळी मी दिली, चिठ्ठीशिवाय दिली. हे मी काल औषध निरीक्षकांना लिहून दिलंय, सही करून. परवाना जाईल कदाचित. जाऊ दे. मेलं कोंबडं आगीला भीत नाही. समोर बसलेल्या आमच्या ह्यांना हे आत्ताच कळतंय, घरी गेल्यावर माझं काय व्हायचं ते होईल.

मंडपाला नाव देऊ नका. द्यायचं असेल तर यादीतून नावं काढा आणि जो उभा राहील त्याचंच पुकारा, मग ती बाई असली तरी. पण ते पुढचं. आज एवढंच करा, जाताना ग्रुपवरचा तो फोटो काढा आणि ज्यानं लिहिलं त्यानं तिथंच लिहावं की मी खोटं लिहिलं. आणि ज्यांनी तोंडानं सांगितलंय, त्यांनी जिथं जिथं सांगितलं तिथं तिथं जाऊन परत सांगावं. बावड्यापर्यंत.

शेवटी सगळे दोन मिनिटं उभे राहतात, डोळे मिटतात आणि मनातल्या मनात घड्याळ बघतात. मला तशी शांतता नको. उभे राहा, पण फोटोकडं तोंड करू नका. तात्यांना आता तुमचं काही नको. तिकडं खांबापाशी अक्का बसल्यात. सगळ्यांनी तिकडं तोंड करा, हात जोडा आणि डोळे उघडे ठेवा. दोन मिनिटं त्यांच्याकडं बघा. बघवत नसेल तर खाली बघू नका, बघतच राहा.

उठा.

अहो, आधी तुम्ही उठा.